जिथे सायकलवरून उतरावेच लागते

सायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गुळगुळीत डांबरी रस्ता येतो, वाकून पायडल मारणारे तरुण येतात आणि मनात कुठेतरी अशी समजूतही असते, की जो खाली उतरला तो संपला. वाचकहो, या समजुतीला छेद देणारी एक शर्यत बेल्जियममध्ये दर हिवाळ्यात गावोगाव भरते. तिचे नाव सायक्लोक्रॉस. फ्लँडर्स म्हणजे बेल्जियमचा डचभाषक उत्तर भाग, आणि हा तेथील लोकांचा जिव्हाळ्याचा खेळ आहे. आपल्याकडे जत्रेतील कुस्त्यांच्या फडाला जे स्थान, तेच तिकडे या शर्यतीला.

शेत, कुरण, झाडी आणि वाळू यांतून तीनेक किलोमीटरचा एक वेटोळा मार्ग आखलेला असतो. त्याच मार्गाच्या अनेक फेऱ्या मारायच्या. वाटेत चिखल, निसरडे उतार, पायऱ्या, आणि मुद्दाम उभ्या केलेल्या, गुडघ्याहून थोड्या खाली येतील अशा आडव्या फळ्या. या फळ्यांची उंची नियमाने ४० सेंटिमीटरपेक्षा अधिक असत नाही. काही निष्णात स्वार त्यांवरून सायकलसह उडी घेतात. बाकीचे सारे खाली उतरतात, सायकल उचलतात, फळ्या ओलांडतात आणि धावत्या पावलांनीच पुन्हा तिच्यावर बसतात. चढ फारच उभा असला किंवा चिखल फारच खोल असला, तर सायकल खांद्यावर घेऊन पळावे लागते. अव्वल पुरुषांची शर्यत सुमारे तासभर चालते, प्रौढ हौशी स्पर्धकांची चाळीस मिनिटांच्या आसपास.

खेळ जुना आहे. १९०२ साली फ्रान्समध्ये डानिएल गुसो या सैनिकाने याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली असे मानतात. १९१० मध्ये ‘टूर द फ्रान्स’ जिंकणाऱ्या ओक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचे श्रेय हिवाळ्यातील या चिखलमेहनतीला दिले आणि मग रस्त्यावरचे सायकलपटूही याकडे वळले. पहिली जागतिक स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसला झाली. स्त्रियांसाठी जागतिक स्पर्धा सुरू व्हायला मात्र २००० साल उजाडावे लागले. त्यावर काय बोलावे!

माझी मुलगी लूवेन या विद्यापीठाच्या गावी असते. संगणकाच्या चिपवर संशोधन करणारी मोठी संस्था तेथे असल्याने मराठी कुटुंबेही बरीच आहेत. विद्यापीठ १४२५ सालचे, गावात माणसांइतक्याच सायकली, आणि नोव्हेंबरात संध्याकाळी पाच वाजता दाटलेला काळोख. अशा काळोखाच्या देशात वृद्ध माणसे हिवाळा कसा काढत असतील, हा प्रश्न माझ्यासारख्या सामान्य वैद्यकी करणाऱ्याला पडणे स्वाभाविक होते. त्याचे एक उत्तर मला १ नोव्हेंबरला, आउदेनार्डे शहराजवळच्या कोपेनबर्ग टेकडीवर मिळाले.

कोपेनबर्ग म्हणजे दगडी फरसबंदीचा एक अरुंद, उभा चढ. लांबी साधारण सहाशे मीटर, पण सर्वांत कठीण ठिकाणी चढण २२ टक्के. १९८७ साली येथेच येस्पर स्किबी हा डॅनिश स्वार फ्लँडर्सच्या प्रसिद्ध शर्यतीत पडला आणि मागून आलेली शर्यत-संचालकांची मोटार त्याच्या सायकलवरून गेली. त्यानंतर पुढील कित्येक वर्षे ती शर्यत या चढाकडे फिरकली नाही. सायक्लोक्रॉसवाल्यांनी मात्र १९८८ पासून दर १ नोव्हेंबरला येथे मेळा भरवला आहे. हा दिवस ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा. सकाळी कुटुंबेच्या कुटुंबे दफनभूमीत जाऊन आप्तांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. आपल्या सर्वपित्रीची आठवण व्हावी असे ते दृश्य. आणि दुपारी तीच कुटुंबे गमबूट चढवून टेकडीवर येतात. आजी-आजोबा घडीच्या खुर्च्या घेऊन, नातवंडे घंटा घेऊन. तळलेल्या बटाट्यांचा वास, बिअरचे तंबू (वैद्य म्हणून मी ते टाळले असते, पण कोणी विचारले नाही), आणि कुरणात पावलापावलाला रुतणारा बूट. काठी टेकत चिखलातून चालणारे ऐंशीच्या घरातले एक आजोबा माझ्यापुढे होते. त्यांना हात द्यावा म्हणून मी पुढे झालो, तर त्यांनीच निसरड्या जागी मला दंडाला धरून सावरले.

पण खरे शिकणे झाले ते पुढे, प्रेक्षकांच्या गर्दीत नव्हे, तर एका लहान गावच्या शर्यतीत.

लूवेनच्या पूर्वेला हागेलांड नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे. सफरचंद-नासपतीच्या बागा, थोडे द्राक्षमळे, आणि लोहयुक्त तांबूस दगडात बांधलेली चर्चे. कोकणातला जांभा पाहिलेल्या माणसाला तो दगड पाहून क्षणभर आपल्या मातीत आल्यासारखे वाटते. येथून जवळच ट्रेमेलो हे गाव. कुष्ठरुग्णांसाठी हवाईच्या मोलोकाई बेटावर आयुष्य वेचणारे फादर डेमियन १८४० मध्ये तेथे जन्मले. त्यांची समाधी लूवेनला आहे आणि त्यांचे नाव असलेला डेमियन-डटन पुरस्कार १९८३ साली आपल्या बाबा आमट्यांना मिळाला होता. त्याच ट्रेमेलोतील बाल या वस्तीने सायक्लोक्रॉसला स्वेन नेस दिला. २००५ नंतर थेट २०१३ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो दुसऱ्यांदा जगज्जेता झाला. बालमध्ये १ जानेवारीला त्याच्या नावाची शर्यत होते. इकडच्या लोकांचे नवे वर्ष चिखलात सुरू होते म्हणायचे.

मी गेलो ती शर्यत अशी नामांकित नव्हती. एका शेतकऱ्याचे कुरण, दोऱ्या आणि खुंट्या लावून आखलेला मार्ग, एका गोठ्यात नाव-नोंदणी, दुसऱ्यात गरम सूप. हौशी प्रौढांचे गट वयाप्रमाणे पाडलेले. सर्वांत वरच्या गटात वीस-बावीस जण, बहुतेकांचे केस पांढरे. रेषेवर उभे असताना ते आपापसांत गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांविषयी बोलत होते, असे माझ्या मुलीने भाषांतर करून सांगितले. दवाखान्याच्या बाकावरचे बोलणे जगभर सारखेच.

त्यांत चौसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक होते. सहा वर्षांच्या खंडानंतरची ही त्यांची पहिली शर्यत. मार्गाच्या कडेला चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर जाड कांबळे घेऊन त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना पार्किन्सन्सचा आजार आहे. खंड कशाने पडला हे वेगळे विचारण्याची गरजच नव्हती.

आजाऱ्याची घरी राहून सेवा करण्याला डच भाषेत ‘मांटेलझोर्ख’ असा शब्द आहे. मांटेल म्हणजे अंगावर घ्यायचा झगा, शाल म्हणा हवे तर. झोर्ख म्हणजे काळजी. हॅटिंगा व्हर्सूर या डच वैद्यक प्राध्यापकाने १९७० च्या दशकात तो रूढ केला. आजारी माणसाभोवती घरच्यांनी शालीसारखे राहायचे, असा त्याचा भाव. शब्द सुंदर आहे. पण मला नेहमी त्यातल्या शालीची काळजी वाटते. आपल्याकडे तर या कामाला शब्दही नाही. सून करते, मुलगी करते, पत्नी करते, आणि त्याला ‘घरचे काम’ म्हणतात. माझा दवाखाना कोल्हापुरात आहे. आजाऱ्याला घेऊन येणाऱ्या बाईंचा रक्तदाब मी अनेकदा न विचारता मोजतो, आणि पुष्कळदा तो आजाऱ्यापेक्षा जास्त भरतो. त्यांना विचारले, “ताई, तुम्ही शेवटचे फिरायला कधी गेलात?” तर उत्तर येते, “डॉक्टर, वेळ कुठे असतो? दिवसभर पायांवरच तर असते.” दिवसभर पायांवर असणे आणि हृदय-फुप्फुसांना व्यायाम मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घरातल्या घरात पाच-दहा पावलांच्या येरझाऱ्यांनी शीण येतो, दम वाढत नाही.

त्या शिक्षकांचेही तसेच झाले होते. सहा वर्षांत वजन अकरा किलोंनी वाढले, दोन जिने चढले की धाप. एकदा पत्नीला पलंगावरून उचलताना कंबरेत उसण भरली आणि तीन दिवस दोघेही एकाच खोलीत झोपून राहिले. तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, की आता आईला आठवड्यातून दोन दिवस देखभाल केंद्रात ठेवायचे आणि त्या दोन दिवसांत बाबांनी सायकल चालवायची. ते म्हणाले, “पहिले दोन महिने मला चोरी केल्यासारखे वाटत होते.” हे वाक्य त्यांनी इंग्रजीत, शब्द शोधत सांगितले, पण मी ते मराठीत असंख्य वेळा ऐकले आहे.

परत येण्याचा त्यांचा मार्ग मला वैद्यकीय दृष्टीने फार शहाणपणाचा वाटला, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे कौटुंबिक डॉक्टरांकडे जाणे. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख आणि ताणाची चाचणी. मग तीन महिने फक्त कालव्याकाठच्या सपाट रस्त्यावर सायकल, तीही बोलता येईल इतक्याच वेगाने. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा चढ. आणि सायक्लोक्रॉसचे जे खास अंग, उतरण्या-चढण्याचे, त्याचा सराव घरामागच्या हिरवळीवर, सायकल न चालवता. उजवा पाय मागून आणायचा, जमिनीवर टेकायचा, दोन पावले चालायचे, थांबायचे. केवळ एवढेच, रोज दहा वेळा. पूर्वी ते धावत्या सायकलवर उडी मारून बसत. आता ती उडी त्यांनी कायमची सोडली आहे. थांबायचे, पाय टाकायचा, बसायचे. “चार सेकंद जास्त लागतात. मला कुठे जगज्जेता व्हायचे आहे?”

दीर्घ खंडानंतर शरीर एकसारखे परतत नाही, ही गोष्ट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. व्यायाम पुन्हा सुरू केला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढू लागते, हृदयाचे काम सुधारते, धाप कमी होते. माणसाला हुरूप येतो. स्नायू त्यानंतर काही आठवड्यांनी बळ धरतात. कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे पांढरे दोर, यांना रक्तपुरवठाच तुटपुंजा असतो. त्यांना कित्येक महिने लागतात. हाडांना त्याहूनही अधिक. म्हणजे दम परतला म्हणून माणूस जोर लावतो तेव्हा टाच आणि गुडघा अजून तयार नसतात. परतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात टाचेमागची कंडरा दुखावून येणारे रुग्ण मी पाहतो ते याच कारणाने. शिक्षकांनी चढाला तीन महिने हात लावला नाही, यातले मर्म हे आहे.

आणि खंडाचे नुकसान भरून येते का? याविषयी अमेरिकेत डॅलस येथे झालेला एक प्रयोग वैद्यकात सुप्रसिद्ध आहे. १९६६ साली वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक-चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. मधल्या काळात त्यांचे वजन सरासरी २५ टक्क्यांनी वाढले होते, शरीरातील चरबी दुप्पट झाली होती. तरीही तीस वर्षांच्या वयवाढीने त्यांची क्षमता जितकी घटली होती, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने अधिक घटली होती! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला चालण्या-धावण्याचा व सायकलचा व्यायाम दिला, आणि तीस वर्षांत गेलेली क्षमता त्यांनी परत मिळवली. पाच माणसांचा लहानसा प्रयोग आहे, हे खरे. पण आजारपणानंतर “आता विश्रांतीच घ्या” असे बजावणाऱ्या प्रत्येक प्रेमळ नातेवाइकाला मी तो सांगतो. हाड मोडलेले असताना, ताप असताना, डॉक्टरांनी सांगितले असताना विश्रांती हवीच. त्यानंतरचा प्रत्येक अनावश्यक दिवस वृद्ध शरीराकडून मोठी किंमत वसूल करतो. निरोगी वृद्धांनाही दहा दिवस पलंगावर ठेवले तर पायांचे सुमारे किलोभर मांस झडते, असे दुसऱ्या एका अभ्यासात आढळले आहे.

या बाबतीत आमच्या कोल्हापूरच्या पैलवानांचे उदाहरण उलटे आहे. तालीम सुटते, लाल मातीचा हौद सुटतो, पण खुराक सुटत नाही. थंडाई, बदाम, तूप, दूध चालूच. चाळिशीत मधुमेह, पन्नाशीत गुडघे. त्यांतले काही जण साठीला पुन्हा जोर-बैठका सुरू करतात, त्याही पूर्वीच्याच संख्येने, कारण आठवण विशीतल्या शरीराची असते. खंडानंतर परतणाऱ्याने आपले जुने आकडे विसरावेत, हे त्यांना पटवणे फार कठीण. रंकाळ्यावर एक फेरी चाला म्हटले की हसतात.

आपण काय करावे? सायक्लोक्रॉस करावे असे मी अर्थातच सुचवत नाही. ती शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत नाडी कमाल मर्यादेजवळ नेऊन ठेवते आणि ज्यांची हाडे विरळ झाली आहेत त्यांना एक पडणेही महागात पडेल. पण तिच्यातली उतरण्याची रीत आपल्या अंगणातही उपयोगी आहे. बायपासनंतर, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, किंवा वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर फिरायला निघाल तेव्हा वाटेतले बाक आधी हेरून ठेवावेत आणि दमण्याआधी बसावे. दमल्यावर बसलेला माणूस लवकर उठत नाही. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर जातीचे औषध चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, कारण ते औषध नाडी वाढूच देत नाही. बोलण्याची ही कसोटीच खरी. आधी मिनिटे वाढवावीत, वेग नंतर. रोज हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच-दहा वेळा उठावे-बसावे, आणि ओट्याला धरून एका पायावर थोडे उभे राहावे. चालणे सुधारण्यासाठी याची जितकी मदत होते तितकी महागड्या यंत्रांची होत नाही. जेवणात डाळ, उसळ, दही, चालत असल्यास अंडे वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र विचारून. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. ताप किंवा छातीतला कफ असेल त्या दिवशी घरीच राहावे.

आणि काही ठिकाणी उतरणे पुरे नसते, तिथेच थांबावे लागते. छातीत दडपण, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, नेहमीच्या श्रमाने अचानक आलेली धाप, भोवळ, छातीत अनियमित धडधड. यांपैकी काहीही झाले तर “जरा दम खाल्ला की बरे वाटेल” असे म्हणत वाट पाहू नये.

याविषयी बोलताना त्या शिक्षकांनीच मला कॉक्सेइडेला जायला सांगितले. समुद्रकाठचे हे गाव. किनाऱ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६७ किलोमीटर धावणारी ट्राम तेथे थांबते. निवृत्त लोकांची मोठी वस्ती. ट्राममध्ये चाकाच्या आधारगाड्या घेतलेल्या आजींची ये-जा चालू असते आणि चालक त्या स्थिरस्थावर होईपर्यंत थांबतो. गावाजवळच्या विमानतळालगत वाळूच्या टेकड्या आहेत आणि सायक्लोक्रॉसच्या नकाशावर त्या प्रसिद्ध. खोल वाळूत चाक रुतते. जगातले उत्तमोत्तम स्वारही येथे उतरून, सायकल खांद्याला लावून धावतात. २०१२ ची जागतिक स्पर्धा येथे झाली आणि पहिले सातही जण बेल्जियमचेच आले. पहिला होता नील्स अल्बर्ट. त्याच अल्बर्टने दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ कायमचा सोडला. तपासणीत हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आढळली होती. याच खेळातला वाउट व्हान आर्ट हा तीन वेळचा जगज्जेता २०१९ च्या जुलैत टूर द फ्रान्समध्ये पडून मांडीला-खुब्याला गंभीर जखमी झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर पुन्हा सायक्लोक्रॉसच्या रेषेवर उभा राहिला. दोघांनाही वैद्यांनी तपासले. एकाला परत पाठवले, एकाला थांबवले. कोणी किती हिंमत दाखवली याचा येथे संबंध नाही. आपल्याकडे मात्र परतणाऱ्याला शूर आणि थांबणाऱ्याला खचलेला म्हणण्याची सवय आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना या सवयीचा फार त्रास होतो.

त्या गावच्या शर्यतीत शिक्षकांच्या पाच फेऱ्या झाल्या. दर फेरीला ते पत्नीसमोरच्या चढावर उतरत आणि सायकल ढकलत चालत वर जात. सायकल खांद्यावर घेण्याचे त्यांनी कंबरेच्या दुखण्यामुळे टाळले होते. पत्नींचा हात कंप पावत असल्याने त्यांना घंटा नीट वाजवता येत नव्हती, म्हणून कोणीतरी ती मनगटाला बांधून दिली होती. कंप होता तोवर ती वाजतच होती, आणि त्यांना त्याचे हसू येत होते. तिसऱ्या फेरीनंतर शिक्षक एका वळणावर निसरले, गवतात बसकण मारली, हातपाय हलवून पाहिले आणि उठले. मी नकळत दोन पावले पुढे गेलो होतो. शेजारच्या माणसाने मला थांबवले. पडलेल्याला स्वतः उठू द्यायचे, उठता येत नाही असे दिसले तरच जायचे, अशी त्यांची रीत. पडलेल्या वृद्धाला काखेत हात घालून झटकन उचलण्याची आपली सवय किती घातक आहे हे मी दवाखान्यात नेहमी सांगतो. आधी विचारावे, कुठे दुखते ते पाहावे, मग त्यालाच कुशीवर वळून, गुडघ्यावर येऊन, खुर्चीच्या आधाराने उठू द्यावे.

शर्यत संपल्यावर गोठ्यामागे पाण्याच्या नळीने त्यांनी आधी पत्नीच्या खुर्चीची चाके धुतली, मग सायकल, मग आपले पाय. मी नाडी पाहू का म्हणून विचारले. दहा मिनिटांनंतर ती ९६ होती. त्यांच्या वयाला आणि त्या कष्टाला शोभेशी.

जानेवारीत मुलीकडून त्यांची खबर कळली. हंगामात त्यांच्या तीन शर्यती झाल्या, दोन चुकल्या. एक पत्नींच्या तापामुळे आणि एक स्वतःच्या सर्दीमुळे. तिसऱ्या शर्यतीत ते शेवटून दुसरे आले. नवा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. तोवर देखभाल केंद्राचे मंगळवार आणि गुरुवार त्यांनी वर्षभरासाठी नोंदवून ठेवले आहेत.